टोरोंटोच्या हिवाळ्यासाठी कोट

सोलापूर,
२ नोव्हेंबर

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र परवा मिळाले. लेकीच्या बाळंतपणासाठी तू आणि वहिनी डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टोरोंटोला निघणार आणि मार्चअखेरपर्यंत तिथेच राहणार, हे वाचून आम्हा दोघांना फार आनंद झाला. कोट कसला घ्यावा आणि चार महिन्यांसाठी त्यात किती पैसे घालावेत, हा जो प्रश्न तू पत्राच्या शेवटी सहज विचारून टाकला आहेस, तो मात्र फोनवर उरकण्यासारखा नाही, म्हणून सविस्तर लिहितो. सोलापूरच्या माणसाने थंडीच्या कोटावर बोलावे हे जरा हास्यास्पदच आहे, हे मला मान्य आहे. आमचा स्वेटर गड्ड्याच्या यात्रेला होम मैदानावर मिरवून येतो आणि रथसप्तमी झाली की डांबराच्या गोळ्यांसह पुन्हा ट्रंकेत जातो. तरीही लिहितो, कारण या बाबतीत मी एकदा चांगलाच फसलो आहे, आणि तेही अक्कलकोट रस्त्यावरच्या गणवेशाच्या कारखान्यात तीस वर्षे कापड हाताळल्यानंतर.

धाकटा एडिंबरोला शिकत होता तेव्हा आम्ही जानेवारीत तिकडे गेलो होतो, ते तुला आठवत असेल. जाण्यापूर्वी इथल्याच एका दुकानातून मी जाडजूड, काळा, आत कापूस भरल्यासारखा फुगीर कोट घेतला. त्याच्या गळ्याशी ‘वॉटरप्रूफ’ असे शिवलेले होते आणि दुकानदाराने बाहीवर पाण्याचे चार थेंब टाकून ते घरंगळत जाताना मला दाखवलेही होते. तिसऱ्याच दिवशी प्रिन्सेस स्ट्रीटवर बसची वाट पाहत उभे असताना पाऊस आला. तिथला पाऊस आपल्यासारखा वरून पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो, छत्री उलटी होते. दहा मिनिटांत दोन्ही खांद्यांवरून गार पाण्याची एकेक रेघ बगलेपर्यंत उतरली, आणि घरी येईतो कोटाचे वजन दुप्पट झाल्यासारखे वाटू लागले.

परत आल्यावर मी तो कोट कारखान्यातल्या कटिंगच्या टेबलावर पसरला आणि ब्लेडने उसवला. कापडाच्या आतल्या अंगाला पाणी अडवणारा लेप होता खरा, पण घडीच्या जागी तो दुधावरच्या सायीसारखा सुटून येत होता. खांद्याच्या शिवणीवर टाक्यांची छिद्रे उघडी होती. एका इंचात दहा-बारा टाके धरले, तरी एका खांद्यावर साठ-सत्तर भोके होतात, आणि प्रत्येक भोकातला दोरा पाणी वातीसारखे आत ओढतो. आतले वॅडिंग, म्हणजे उबेसाठी भरलेला कापसासारखा थर, ओले होऊन घेराशी गोळा झाले होते आणि खांद्यावर नुसते अस्तर उरले होते. दुकानदाराने पाणी टाकले होते ते बाहीच्या मधोमध, जिथे शिवणच नाही.

तेव्हापासून कोट हातात आला की मी तो आधी उलटा करतो, आणि तूही तेच करावेस. खांदा, टोपी आणि पाठ यांच्या प्रत्येक शिवणीवर आतून बोटभर रुंदीची, गुळगुळीत, चिकटवलेली पट्टी दिसली पाहिजे. काही कोटांना ती फक्त महत्त्वाच्या शिवणींवर असते, काहींना सगळीकडे. तुला सगळीकडे असलेलाच हवा. पट्ट्या अस्तराखाली झाकलेल्या असल्या, तर सगळ्या शिवणी ‘सीम सील्ड’, म्हणजे अशा पट्टीने बंद केलेल्या, आहेत असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलेले असायला हवे. नुसते ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलेला कोट रिमझिमीपुरता, हे पक्के समज. चांगल्या कोटावर मिलिमीटरमध्ये एक आकडाही असतो. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा केला तर किती उंचीपर्यंत पाणी आत झिरपत नाही, तो हा आकडा. ५,००० म्हणजे पाच मीटर, साध्या पावसाला तो पुरतो. पण ओल्या बाकावर बसलास किंवा खांद्यावर पिशवीचा पट्टा दाबला की दाब वाढतो, म्हणून १०,००० च्या खाली जाऊ नकोस. २०,००० चा कोट गिर्यारोहकांसाठी असतो, तुला बाबागाडी ढकलायची आहे.

आता दुसरी बाजू. पाणी पूर्णपणे अडवणे ही फार जुनी विद्या आहे. ग्लासगोच्या चार्ल्स मॅकिंटॉशने १८२३ मध्येच दोन कापडांमध्ये रबर घालून तशा कापडाचे पेटंट घेतले होते. पण त्यात घाम कोंडतो, आणि थंडीत घामाने ओले झालेले अंग पावसाने भिजलेल्या अंगाइतकेच गारठते. पुढे १९६९ मध्ये अमेरिकेत बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या जातीचा एक पदार्थ तापवून एकदम झटक्याने ताणला, आणि त्यातून इतक्या बारीक छिद्रांचा पडदा तयार झाला की पाण्याचा थेंब आत येत नाही, पण घामाची वाफ बाहेर जाते. त्यालाच गोअरटेक्स म्हणतात. आता तशा गुणाचे इतरही पडदे मिळतात, त्यामुळे त्या नावासाठीच जास्तीचे पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. चिठ्ठीवर वाफ जाऊ देण्याचा आकडा, म्हणजे चोवीस तासांत एका चौरस मीटरमधून किती ग्रॅम वाफ बाहेर पडते तो, दहा हजारांच्या आसपास असला म्हणजे झाले.

उबेचे म्हणशील, तर तुझ्या आईने शिवलेली वाकळ आठव. तिच्यात ऊब कशाची होती? जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेल्या हवेची. कोटातही तेच असते. हवा जितकी स्थिर आणि कोरडी, तितकी ऊब जास्त, म्हणून कोटाचे वजन पाहून ऊब ठरवू नये, जी चूक मी केली ती करू नये. हवा अडकवण्यात सर्वांत सरस म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या अंगावरची बारीक लव, ज्याला तिकडे ‘डाऊन’ म्हणतात. वजनाला हलकी, दाबली तर मुठीत मावते. पण ती भिजली की चिकटून बसते आणि तिच्यातली ऊब जाते. शिवाय वहिनींच्या गळ्यात माळ आहे, पक्ष्यांची लव अंगावर घेणे त्यांना रुचेल असे मला वाटत नाही, आणि त्यांना न सांगता घेऊ नकोस. कृत्रिम धाग्याचे भरण किंचित जड असते, पण ओले झाले तरी बरीच ऊब धरून ठेवते, मशीनमध्ये धुता येते, आणि परत आल्यावर आपल्या उन्हाळ्यात वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिले तरी त्याला कसर लागत नाही. तुम्हा दोघांसाठी मी बिनदिक्कत तेच सांगेन.

टोरोंटोत जानेवारीत पारा शून्याखाली असतो आणि उणे दहा-पंधरापर्यंत सहज उतरतो, पण खरा वैरी वारा. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटरचा वारा असेल, तर अंगाला ते उणे वीससारखे लागते. उलट घरात, दुकानात, भुयारी रेल्वेत हीटर चालू असतो आणि तिथे जाड कोटात माणूस उकडून निघतो. म्हणून मी तुला ‘थ्री-इन-वन’ पद्धतीचा कोट सुचवतो. बाहेर पाणी आणि वारा अडवणारे पातळ कवच, आत चेनने जोडलेले उबदार जाकीट, दोन्ही वेगवेगळे घालता येतात. जाणकार लोक अशा कोटाला नाक मुरडतात, कारण दोन्ही भाग मध्यम प्रतीचे असतात असे त्यांचे म्हणणे, आणि त्यात तथ्यही आहे. पण तू एप्रिलमध्ये लातूरला परतणार आहेस. अखंड जाड कोट तिथे फक्त कपाटाची जागा अडवील. या कोटाचे कवच मात्र तुला पावसाळ्यात स्कूटरवर चालेल, आतले जाकीट डिसेंबरात पहाटे फिरायला. पैसे वसूल होण्याचा माझा हिशेब हा असा आहे.

कोट इथून नेऊ नकोस. इथे मिळतात ते बहुधा मनालीच्या चार दिवसांच्या सहलीचे असतात. तिकडे नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ब्लॅक फ्रायडेचा सेल असतो, तेव्हा लेकीलाच घेऊन ठेवायला सांग आणि पावती जपायला सांग, म्हणजे माप चुकले तर बदलता येईल. विमानतळावर ती कोट घेऊनच येईल. एका कोटाला दोनशे-अडीचशे डॉलर पडले तर कुरकुर करू नकोस, त्याहून फार वर जाऊही नकोस. आतले थर्मल, लोकरी मोजे आणि माकडटोपी मात्र इथूनच ने. माकडटोपीला जावई हसतील, हसू देत.

लांबी मांडीच्या मध्यापर्यंत तरी असावी, कारण बसथांब्यावर गारठतात ती कंबर आणि मांड्या. टोपी दोरीने आवळता यावी, नाहीतर मान वळवली की डोळ्यांवर येते. चेन खालूनही उघडणारी असावी आणि हातमोजे घालून ओढता यावी. आणखी एक, कोट धुताना कपडे मऊ करणारे औषध घालू नका. वरच्या कापडावर पाणी घरंगळवणारा जो लेप असतो तो त्याने बिघडतो, आणि मग कापड पाणी पिऊ लागते.

आता माझे एक काम कर. अंगात स्वेटर घालून तुझी आणि वहिनींची छाती, कंबर, खांदा, आणि मानेच्या मणक्यापासून हात वाकवलेल्या स्थितीत मनगटापर्यंतची बाही, ही मापे टेपने घेऊन मला या आठवड्यात कळव. बाही सरळ हाताने मोजू नकोस, बाबागाडीची दांडी धरली की ती चार बोटे वर चढते. मी ती इंचांत नीट मांडून लेकीला पाठवतो. तुझे पोट गेल्या दिवाळीपेक्षा वाढले आहे हे मी पाहिले आहे, तेव्हा श्वास आत ओढून माप देऊ नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
शशी