सुहास, पक्कड असलेलंच घे

पुणे, १२ नोव्हेंबर

प्रिय सुहास,

तुझं पत्र परवा मिळालं. शेतावर मुलांची शिबिरं घेणार, मचाण, शिड्या, तंबू सगळं त्यांच्याच हातून उभं करून घेणार, हे वाचून फार आनंद झाला. त्यासाठी खिशात मावेल असं मल्टिटूल, म्हणजे एकातच अनेक अवजारं असलेलं घडीचं अवजार, कोणतं घेऊ, असं विचारलंयस. माझं मत आधीच सांगून टाकतो: पक्कड असलेलंच घे.

गेल्या डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला, पाचनईत, एका घराच्या अंगणात आम्ही तंबू लावला होता. रात्री वारा सुटला आणि दाराची चेन बिघडली. रनर पुढे जायचा, पण मागे दात उघडेच राहायचे. आत भाचा थंडीने कुडकुडत होता. माझ्या खिशात व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीचा घडीचा लाल चाकू होता. त्यात पातं, करवत, कात्री, चिमटा सगळं होतं, पण दाब देईल असं काहीच नव्हतं. शेवटी घरमालकांनी मोटरसायकलची पक्कड आणून दिली. रनर चेनच्या सुरुवातीला मागे नेला आणि त्याची मागची कड आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, अगदी हलकेच दाबली. एकदम जोर केला असता तर तो तुटलाच असता. दोन-तीन वेळा थोडं थोडं दाबल्यावर दात पुन्हा एकमेकांत बसले आणि चेन लागली. ती पक्कड नसती तर भाच्याला त्या रात्री झोप लागली नसती.

टिम लेदरमन या अमेरिकन माणसालाही हीच उणीव जाणवली होती. १९७५ साली तो बायकोबरोबर जुन्या फियाटमधून युरोप फिरत होता. गाडी सारखी बिघडायची, जवळ स्काउटचा चाकू होता, पण पक्कड नव्हती. तिथून सुरू झालेली खटपट १९८३ साली पक्कड असलेलं मल्टिटूल होऊन बाजारात आली.

म्हणून काही लाल चाकू मी मोडीत काढलेला नाही. माझा तो चाकू, हंट्समन नावाचं मॉडेल, जेमतेम ९७ ग्रॅमचा आहे आणि त्याची करवत बांबूवर सुरेख चालते. मुलांना मात्र एक गोष्ट नक्की शिकव. बांबू एकाच बाजूने आरपार कापायचा नाही, खालची साल फाटून लांब चोई निघते आणि ती हाताला लागते. आधी बांबू फिरवत फिरवत सगळीकडून साल कापून घ्यायची, मग आत शिरायचं. पण या चाकूच्या पात्याला लॉक नाही. टोच्याने भोक पाडताना जोर तिरका पडला, तर तो मिटून बोटावर येतो. मुलांच्या हातात देताना मला याचीच धास्ती वाटते.

तुझ्यासाठी मी लेदरमनच्याच कंपनीचं वेव्ह प्लस हे मल्टिटूल सुचवेन. पाती बाहेरच्या बाजूने एका हाताने उघडतात आणि लॉक होतात, करवत आणि कानसही आहे. वजन २४१ ग्रॅम, खिशाला ओढ बसते, त्यामुळे कमरेच्या पट्ट्याला लाव. अवजारांची संख्या मोजत बसू नकोस. दुसरं एखादं स्वस्तातलं घ्यायचं झालं, तर दुकानात पक्कड मिटून उजेडासमोर धर. टोकं नीट जुळायला हवीत. मग त्यांनी साधा कागद पकडून ओढ, तो सुटता कामा नये. पातं उघडून बाजूला हलवून बघ, खुळखुळत असेल तर परत दे.

गंजत नाही म्हणून पावसाळ्यात बेफिकीर राहू नकोस. स्टेनलेस असलं तरी सांध्यांत चिखल आणि ओल राहिली की डाग पडतातच. कामानंतर कोमट पाण्याने धू, उघडं ठेवून वाळव आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोड. खोबरेल नको, ते पुढे चिकट होतं. आणि विमानाने येणार असलास तर चेक-इन सामानात टाक, हातातल्या बॅगेत असलं तर सुरक्षा तपासणीत काढून घेतील.

शिबिराची तारीख ठरली की कळव. मी आदल्या दिवशीच येतो, माझी अवजारं घेऊन. आपण दोघं मिळून आधी एक मचाण बांधून बघू. वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
अविनाश