साठ रुपयांचे आठ ऐकू येऊ लागले, तेव्हा…

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमचे हे २८ वर्षं यंत्रमागावर होते. आधी कामगार, पुढे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारा. इचलकरंजीत धोट्याच्या मागांची शेड ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना तिथल्या आवाजाबद्दल मी वेगळं सांगायला नको. शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावून ओरडावं लागतं, म्हणून मागवाले एकमेकांचे ओठ बघून आणि हातवारे करून बोलतात. पाळी संपवून घरी आले की यांच्या कानात तास-दोन तास गुणगुण चालायची. सकाळपर्यंत बरं वाटायचं, म्हणून आम्ही तो थकवा मानला. कानाने दिलेली ती पहिली सूचना होती, हे आम्हाला वीस वर्षांनी कळलं. अशी सूचना आज ज्यांच्या घरात मिळत असेल त्यांच्यासाठी हे पत्र लिहिते आहे.

काम सुटल्यावर एकदा आम्ही रेशनकार्डाच्या कागदांची झेरॉक्स काढायला गेलो. दुकानदार म्हणाला, “साठ झाले.” यांनी दहाची नोट पुढे केली आणि दोन रुपये परत मिळायची वाट बघत उभे राहिले. दुकानदाराने पुन्हा साठ म्हटल्यावर हे चिडले, “आत्ता तर आठ म्हणालास!” मला वाटलं, वयाचा विसरभोळेपणा. पण विसरण्याचा इथे संबंधच नव्हता. ‘साठ’मधला ‘स’ त्यांच्या कानापर्यंत पोचला नव्हता, इतकंच.

पुढे तपासणीत ऑडिओलॉजिस्टबाईंनी, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी, ते समजावून सांगितलं. आ, ओ, ऊ हे स्वर भरदार असतात, ते पोचतात. स, श, फ, ट, क हे आवाज बारीक आणि वरच्या पट्टीतले. आतल्या कानात केसासारख्या नाजूक पेशी असतात. वयाने काय किंवा कारखान्याच्या आवाजाने काय, या बारीक आवाजांच्या पेशी आधी मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. म्हणून माणूस म्हणतो, “ऐकू येतंय, पण कळत नाही.” हे वाक्य घरात कुणी वारंवार म्हणू लागलं की कान तपासायची वेळ झाली आहे असं समजावं. बहुतेकांना वाटतं, कान गेले म्हणजे काहीच ऐकू येणार नाही. ट्रकचा हॉर्न ऐकू येतो, देवळातली घंटा ऐकू येते, मग माझे कान शाबूत आहेत, असं हेही सांगायचे.

माझ्या भावाचा आवाज जाड, त्याचं बोलणं यांना समजायचं. नातीचं काही केल्या समजायचं नाही. ती शाळेतलं काही सांगायला लागली की हे नुसतं “हो हो” करून टीव्हीकडे बघायचे. मला राग यायचा की यांना पोरीचं कौतुकच नाही. मी हळू बोलले तर “तोंडातल्या तोंडात काय बोलतेस”, आवाज चढवला तर “ओरडतेस कशाला?” यावरून आमच्या घरात किती भांडणं झाली असतील! तेही कानाचंच लक्षण निघालं. अशा कानाला बारीक आवाज पोचत नाही आणि मोठा एकदम अंगावर येतो, मधली जागाच आखडलेली असते.

ओठ वाचायची मागावरची सवय असल्यामुळे समोरासमोर हे निभावून न्यायचे. ते झाकलेलं २०२० मध्ये उघडं पडलं. कोरोनात सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि यांना डॉक्टरांचं, बँकेतल्या बाईंचं, शेजाऱ्यांचं, कुणाचंच काही कळेना. लग्नाकार्याला जाणं नको म्हणू लागले.

तेव्हाही आम्ही चूकच केली. एका प्रदर्शनातून, तपासणी न करता, तयार कानाचं मशीन आणलं. त्यात पंख्याची घरघर आणि भांड्यांची आदळआपट तेवढी मोठी झाली. चार दिवसांत ते कपाटात गेलं आणि “मशीनचा काही उपयोग नसतो” म्हणत दोन वर्षं वाया गेली.

शेवटी मुलीने हट्टाने कोल्हापूरला नेलं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी आधी दोन्ही कानांतला मळ काढला. काहींचं काम तेवढ्यावरच भागतं, पडद्याला भोक असेल किंवा आत पाणी साचलं असेल तर त्यावर औषध-शस्त्रक्रिया असते, म्हणून दुकानात जाण्याआधी डॉक्टर गाठायचा. मग काचेच्या छोट्या बंद खोलीत बसवून कानाला हेडफोन लावला. आवाज आला की बटण दाबायचं. अर्ध्या तासाने कागदावर आलेख आला. डावीकडून बऱ्यापैकी सरळ येणारी रेघ ४००० हर्ट्झपाशी, म्हणजे वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांपाशी, खड्ड्यात पडली होती. आम्ही काही सांगायच्या आधीच बाईंनी विचारलं, “काका, कुठल्या कारखान्यात होतात?”

यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाची सरासरी ४२ डेसिबल आली, म्हणजे साधारण तेवढा मोठा आवाज झाला तरच त्यांना तो ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे २० च्या आत म्हणजे चांगलं ऐकू येणं आणि ३५ ते ५० म्हणजे मध्यम घट. मशीन लागतं ते या टप्प्यावर, ठार बहिरं झाल्यावर नव्हे. बाई म्हणाल्या, त्याहून कमी घट असली तरी रोजच्या बोलण्यात अडत असेल तर मशीनचा विचार करावा. जितकी वर्षं शब्द कानावर पडत नाहीत, तितकी ते ओळखायची मेंदूची सवय मोडत जाते आणि मग मशीन लावूनही जड जातं.

एक गोष्ट मात्र वेगळी. एखाद्याला रातोरात एका कानाने ऐकू येईनासं झालं तर वाट बघू नये, त्याच दिवशी डॉक्टरकडे जावं. त्यावर उपचार आहे, पण तो पहिल्या काही दिवसांतच लागू पडतो.

नवं मशीन आलेखाप्रमाणे बसवून घेतलं. चष्म्यासारखं लावलं की झालं, असं ते नसतं. आधी घरात रोज दोन तास, मग हळूहळू दिवसभर, असं करत सवय व्हायला दीड महिना लागला. मीही स्वयंपाकघरातून हाका मारायचं सोडलं, समोर जाऊन बोलते. पहिल्याच संध्याकाळी हे एकदम भिंतीकडे बघून म्हणाले, “पाल चुकचुकली का गं?” पाल रोजच चुकचुकत होती. त्यांनी ती किती वर्षांनी ऐकली कोण जाणे.

आता सरकारला एक विनंती. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असलेल्यांना ३००० रुपये खात्यात मिळतात आणि त्यात श्रवणयंत्र घेता येतं. पण आधी तपासणी झाली नाही तर आमच्या पहिल्या मशीनसारखीच ही रक्कमही कपाटात जाऊन पडेल. म्हणून श्रवणयंत्रासाठी पैसे देताना कानतपासणीचा कागद मागावा आणि ती तपासणी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळावी. मुंबईत वांद्र्याला केंद्र सरकारची, ऐकण्या-बोलण्याच्या दोषांवर काम करणारी अली यावर जंग संस्था आहे, पण इथला मागवाला मुंबईपर्यंत कधी जाणार? इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी, जिथे जिथे माग आहेत तिथे वर्षातून एकदा तपासणीची गाडी शेडच्या दारात आली, तर चाळिशीतल्या माणसाचा आलेखातला खड्डा वेळेवर दिसेल आणि निदान तो कापूस टाकून का होईना, कान झाकू लागेल. कापूस पुरत नाही, त्यासाठी चांगले इअरप्लग लागतात आणि ते मालकाने द्यायला हवेत.

आपली,
एक वाचक, इचलकरंजी