मेंडोलिनला पॉलिश कशाला?

महोदय,
आजोबांचे इटलीतल्या नेपल्स घाटाचे मेंडोलिन नुकतेच दुरुस्तीला दिले होते. त्याची पाठ कलिंगडाच्या फाकेसारखी गोल, पातळ लाकडी पट्ट्या वाकवून शेजारी शेजारी चिकटवलेली. लहानपणी मी त्या 21 मोजल्या होत्या. नादछिद्राभोवती शिंपल्याची नक्षी, खाली कासवाच्या कवचाचा तुकडा. कारागिराने न विचारता सगळ्यावर चकचकीत पॉलिश फासले, वर गिटारच्या जाड तारा चढवल्या! आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या. हलक्या तारांचाच ताण वाद्याची पातळ तबली, म्हणजे पुढची लाकडी फळी, जेमतेम पेलते. आता घोडीखाली (तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीखाली) ती खचली आहे. राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुनी वाद्ये आहेत, दुरुस्तीवाल्यांनी एकदा तिकडे चक्कर मारावी. तारा मी उतरवल्या. पॉलिशचे काय करू?

– एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे