संद्या, जूनचं तिकीट काढू नकोस

प्रिय संद्या,

तुझा मेसेज वाचला आणि म्हटलं लिहूनच टाकावं, फोनवर तू मला बोलू कुठे देतोस. जूनमध्ये स्वालबार्डला, नॉर्वेच्या त्या उत्तर ध्रुवाजवळच्या बेटांवर जायचं आणि नॉर्दर्न लाइट्स बघायचे म्हणे! अरे बाबा, तिथे साधारण २० एप्रिल ते २२ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. रात्रच नाही तर लाइट्स काय डोंबल दिसणार?

मी म्हणतो मार्चमध्ये जाऊ. ऑक्टोबरच्या शेवटी बुडालेला सूर्य फेब्रुवारीच्या मध्यावर क्षितिजावर येतो खरा, पण तिथलं मुख्य गाव लाँगयिअरब्येन पडलं डोंगरांमधल्या दरीत, त्यामुळे गावात ऊन पोचायला ८ मार्च उजाडतो. त्या दिवशी सगळं गाव जुन्या हॉस्पिटलच्या पायऱ्यांपाशी जमतं (हॉस्पिटल गेलं, पायऱ्या तेवढ्या ठेवल्यात) आणि उन्हाची वाट बघतं. मला तर लाइट्सपेक्षा तेच बघायचंय. आणि तेव्हा रात्रीही काळोख असतो, म्हणजे ढग नसले तर तुझंही काम झालं.

व्हिसाचं नीट ऐक. स्वालबार्डच्या १९२० च्या करारावर भारताचीही सही आहे, ब्रिटिशांच्या काळातली, आणि तिथे राहायलासुद्धा व्हिसा लागत नाही. पण जायचं नॉर्वेतल्या ओस्लोवरून, म्हणजे शेंगेनचा, युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून असलेला व्हिसा लागणारच, आणि स्वालबार्ड शेंगेनमध्ये नाही, म्हणजे तिकडे गेलास की तू शेंगेनच्या बाहेर. सिंगल एंट्री घेतलीस तर परत येताना बोंब! डबल एंट्रीच घे.

आपल्या गोव्यात वास्कोला ती ध्रुवीय संशोधनाची संस्था आहे ना, तिचं हिमाद्री स्टेशन स्वालबार्डमध्येच, न्यू-ऑलेसुंड नावाच्या गावात, २००८ पासून. तिथल्या अँटेनांना त्रास नको म्हणून गावात वायफाय, ब्लूटूथ बंद ठेवायचं असतं. तू दोन तास तरी टिकशील का? तसंही मार्चमध्ये तिकडे जाणं आपल्याला जमणार नाही, गावांना जोडणारे रस्तेच नाहीत, स्नोमोबाइल नाहीतर बोट. आणि गावाबाहेर एकट्याने फोटो काढत भटकायचं नाही, पांढरी अस्वलं असतात, बंदूकवाला गाइड सोबत हवाच.

हां, आणि मोजे चांगले घे. कोळशाच्या खाणीतली काळी धूळ घरात यायला नको म्हणून बूट दारात काढायची पद्धत पडली, ती अजून हॉटेलात, म्युझियममध्ये चालू आहे. तुझा तो अंगठा बाहेर काढणारा मोजा तिकडे आणलास तर मी तुला ओळखत नाही.

तुझाच,
पक्या