सव्वा महिन्यानंतरचं रडणं

हल, इंग्लंड

चि. बंडूस,
अनेक आशीर्वाद.

हे फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन नेहमी स्पीकरवर आणि शेजारी घरमालकीण मावशी बसलेल्या. म्हणून कागदावर लिहून त्याचे फोटो पाठवतोय. तू वाच, सूनबाईला वाचायला दे. नंतर चंदगडला तिच्या माहेरीही दाखवलंस तरी चालेल, मला लाज नाही.

परवा तू म्हणालास, "दादा, पोरगी दिवेलागणीला रडायला सुरू होते ती दहापर्यंत थांबत नाही. पाजून झालं, दुपटं बदललं, मीठ-मोहऱ्या ओवाळून झाल्या, डॉक्टर म्हणतात काही नाही. कधी कधी वाटतं, धरून गदागदा हलवावी." मावशी मागे हसल्या. तूही हसलास. मला हसू आलं नाही, कारण तुझा पुतण्या सात आठवड्यांचा असताना मी त्या जागी उभा होतो.

जानेवारी होता. तुझ्या वहिनीचं सिझेरियन झालेलं, दोन रात्री डोळ्याला डोळा नाही, म्हणून तिला झोपवून पोर मी घेतलं. पावणेतीन वाजले. दीड तास त्या एवढ्याशा खोलीत येरझाऱ्या घालतोय. बाहेर हंबर नदीवरून वारा सुटलेला, आत हा. शेवटी काखेत हात घालून त्याला तोंडासमोर उचललं आणि ओरडलो, "गप!" बैल बुजल्यावर आबा ओरडायचे तसा. त्याची मान मागे गेली. माझी बोटं त्याच्या बरगड्यांवर किती आवळली होती ते मला नंतर कळलं. हलवलं नाही मी. पण पुढच्या क्षणी हलवलं असतं, हे मला माहीत आहे.

पाळण्यात पाठीवर ठेवला, दार ओढून घेतलं आणि जिन्यात जाऊन बसलो. दहा मिनिटांनी परत गेलो. तो रडतच होता, पण माझे हात ढिले झाले होते.

इथे बाळंतिणीकडे सरकारी परिचारिका घरी येते. तिने वहिनीला सोडून मलाच विचारलं, रात्री तो रडतो तेव्हा तुम्ही काय करता? मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता पोर काढून नेणार (इथल्या आपल्या माणसांना ही भीती फार). ती म्हणाली, खाली ठेवलंत ना, अगदी बरोबर केलंत. मग तिने समजावलं. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड, मानेत जोर नाही. गदागदा हलवलं की मेंदू कवटीच्या आत मागेपुढे हिसकतो आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा तुटतात. आत रक्त साठतं, मेंदू सुजतो, डोळ्यांच्या पडद्यातही रक्त उतरतं. याला काही सेकंद पुरतात. बाहेरून कित्येकदा ओरखडासुद्धा नसतो. अशी इजा होऊन दवाखान्यात आलेल्या मुलांपैकी साधारण चारातलं एक जातं. वाचतात त्यांच्यातल्या अनेकांना आंधळेपण, फिट्स, हातापायांत कायमचा दोष. आणि हलवणारे हात पुष्कळदा बापाचे असतात.

हे पहिल्यांदा नीट ओळखणाऱ्यांपैकी एक डॉक्टर याच हल गावच्या इस्पितळात होता. नॉर्मन गुथकेल्च, मेंदूचा सर्जन. डोक्यावर मार दिसत नाही तरी आत रक्त कसं, याचं कारण हलवणं असू शकतं, असं त्याने 1971 साली मांडलं. त्या इस्पितळावरून मी रोज कामाला जातो.

रिक्षा खड्ड्यातून गेली, मांडीवर हळूच खेळवलं, तर हे होत नाही. त्याची धास्ती नको. पण न्हाऊ घालायला येणाऱ्या आजी पायाला धरून उलटं झुलवतात, ते बंद करायला सांग. आजी रागावतील. रागावू देत.

आता मला खरं खटकलं ते सांगतो. बाळांचं रडणं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून वाढत जातं, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सगळ्यात जास्त होतं आणि चार-पाच महिन्यांपर्यंत आपोआप उतरतं. ब्रॅझल्टन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने 1962 सालीच 80 बाळांच्या नोंदींवरून हा चढ-उतार दाखवला. कालाहारी वाळवंटातल्या ज्या लोकांची बाळं दिवसभर आईच्या अंगावर असतात, तिथेही रडण्याचे आठवडे हेच, फक्त रडणं आखूड. म्हणजे सूनबाईचं दूध कमी पडतंय, तिचं काही चुकतंय, असं कोणी म्हटलं तर ऐकायचं नाही. संध्याकाळी जास्त रडणं, कशानेच न थांबणं, कुठे दुखतंय असा चेहरा करणं, हे निरोगी बाळही करतं.

आणि आपल्याकडे याच वेळी माणसं काढती पाय घेतात. सव्वा महिना झाला की ओटी भरून पाठवणी. सूनबाई तर चंदगडला रोप लावणीची घाई म्हणून लगेच आली. आशाताईंची नवजात बाळासाठीची घरभेटही 42 व्या दिवशी संपते. म्हणजे रडणं टिपेला पोहोचतं तेव्हा बेळगावात, वडगावच्या त्या खोलीत तुम्ही दोघं, आणि तू उद्यमबागेतल्या कारखान्यातून दुसरी पाळी करून आलेला. आपल्या गावच्या घरात काय होतं? आई म्हणायची, "धर गं जरा, माझा जीव उठलाय," आणि पोर काकीच्या कडेवर जायचं. काकी दमली की आजी. कोणी विचारायचं नाही, आई असून कंटाळलीस कशी. आजी तर म्हणायची, "रडूलालंय म्हणजे जित्तं आहे की!"

तेव्हा मावशींना नुसतं हसू देऊ नकोस, कामाला लाव. संध्याकाळी सात ते आठ बाळ त्यांच्याकडे. पण आधी त्यांना हे पत्र वाचून दाखव, बाळ ज्याच्या हातात जाईल त्या प्रत्येकाला हे ठाऊक पाहिजे. लावणी उरकली की आईलाही बोलावून घे.

उपाय तुम्ही करतच असाल: उघड्या छातीशी धरणं, गुणगुणणं, कोमट पाण्याने अंघोळ. यंत्रमागांच्या खटखटीत ती झोपते आणि लाईट गेली की उठते म्हणालास, ते पटलं. एकसुरी आवाज लागतो त्यांना. बाळगुटी, मध, जायफळ काही नको. मधातून एक वर्षाच्या आत जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो.

आणि सगळं करूनही थांबली नाही, तुझे दात आवळले गेले, की पाळण्यात पाठीवर ठेव. तोंडाजवळ उशी-दुपटं नको. दार लोटून गॅलरीत जा, चहा टाक, तोंड धू. दहा मिनिटांनी बघून ये. हवं तर पुन्हा बाहेर जा. रडून तिला काही होत नाही. सूनबाईलाही हे तूच सांग. तिचा कंठ दाटून येत असेल, झोप मिळूनही झोप लागत नसेल, तर तिच्यासाठीही डॉक्टर आहेत.

मात्र रडण्याचा सूर नेहमीपेक्षा वेगळा लागला, ताप शंभराच्या वर गेला, दूध घेईना, उलट्या, आचके, अंग ढिलं पडणं, टाळू फुगणं, उठवूनही न उठणं, यातलं काहीही दिसलं तर वाट बघायची नाही, दृष्ट काढायची नाही. 108 लाव किंवा सरळ सिव्हिल गाठ. आणि कोणाच्या हातून कधी हलवलं गेलंच, तर तेही डॉक्टरांना तिथेच सांगायचं, लपवलं तर उपचार चुकतात.

एक सोय मात्र आयती आहे. तुझे रात्रीचे अडीच म्हणजे सध्या माझे दहा. मी जागाच असतो, भांडी घासत असतो. बाळाला पाळण्यात ठेव, बाहेर ये आणि मला फोन लाव. मिस कॉल दिलास तरी चालेल. आत ती रडत असली तरी लाव.

वहिनीने बाळासाठी टोपडं विणलंय, बहुतेक मोठं होईल. आईला नमस्कार.

तुझा,
दादा