बेल्ट आणि पिंच रोलरचा सदोष संच : परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

नाशिक
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : टास्कॅम पोर्टास्टुडिओ २४४ या चार-ट्रॅक कॅसेट रेकॉर्डरसाठी पुरवलेल्या सदोष सुट्या भागांबाबत व नाकारलेल्या परताव्याबाबत.

महोदय,

आपल्या संकेतस्थळावरून मी वरील यंत्रासाठी कॅपस्टनचा (फीत ओढणाऱ्या फिरत्या दांड्याचा) बेल्ट आणि पिंच रोलर (फीत त्या दांड्यावर दाबून धरणारे रबरी चाक) यांचा संच २,३४० रुपयांना विकत घेतला. पावतीची प्रत, मोजमापांची नोंद आणि छायाचित्रे या पत्रासोबत जोडली आहेत. विक्रीच्या पानावर हा संच ‘याच मॉडेलसाठी, अचूक मापाचा’ असल्याचे लिहिले होते आणि केवळ त्या एका वाक्यावर विसंबून मी तो मागवला. प्रत्यक्षात दोन्ही भाग या यंत्रात काम करू शकत नाहीत. हे लेखी कळवल्यावर आपल्या प्रतिनिधींनी मोजमापांचा विचार न करता परतावा नाकारला, म्हणून हे पत्र थेट आपल्याकडे पाठवत आहे.

हे यंत्र जुने असले तरी माझ्यासाठी ती शोभेची वस्तू नाही. साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक ध्वनिमुद्रित करणारे पहिले पोर्टास्टुडिओ टास्कॅमने १९७९ मध्ये आणले आणि २४४ हे त्यापुढचे मॉडेल १९८२ मधले. यात फीत नेहमीच्या सेकंदाला ४.७६ सेंटिमीटरऐवजी दुप्पट, म्हणजे साडेनऊ सेंटिमीटर वेगाने धावते, चारही ट्रॅक एकाच दिशेने भरले जातात आणि आवाजातील खरखर दाबण्यासाठी डीबीएक्स पद्धत वापरली जाते. त्यामुळे यावर भरलेली कॅसेट घरातल्या साध्या टेपरेकॉर्डरमध्ये घातली, तर दोन ट्रॅक निम्म्या वेगाने सुलट आणि बाजू बदलल्यावर उरलेले दोन उलट ऐकू येतात. शिवाय डीबीएक्सने दाबून भरलेला आवाज पुन्हा पूर्ववत उलगडत नाही. आमच्या हौशी नाट्यसंस्थेने राज्य नाट्य स्पर्धेसाठी बसवलेल्या नाटकांचे संगीत अशाच कॅसेटींवर आहे : एका ट्रॅकवर पेटी, दुसऱ्यावर तबला, तिसऱ्यावर गायन, चौथ्यावर पार्श्वध्वनी. परशुराम साईखेडकर नाट्यगृहात आणि कालिदास कलामंदिरात जे वाजले, त्याची मूळ प्रत आज एवढीच उरली आहे आणि त्यातले काही गायक-वादक आता आपल्यात नाहीत. हे सारे संगणकावर घ्यायचे, तर हेच यंत्र नीट चालायला हवे. त्याला दुसरा पर्याय नाही. शहरातल्या ज्या कारागिरांकडे मी पूर्वी टेपरेकॉर्डर दुरुस्तीला देत असे, त्यांनी हे काम केव्हाच सोडले, म्हणून ते मी घरीच हाती घेतले.

यंत्र उघडले तेव्हा जुन्या बेल्टचे रबर डांबरासारखे वितळून मोटरच्या पुलीवर आणि फ्लायव्हीलच्या (कॅपस्टन फिरवणाऱ्या जड चाकाच्या) कडेवर चिकटले होते. या काळातल्या अनेक यंत्रांत हे होते आणि तो चिकटा नीट काढला नाही, तर नवा बेल्टही घसरतो, याची मला जाणीव आहे. पुली, फ्लायव्हील, कॅपस्टन आणि हेड (फितीवर आवाज भरणारा व वाचणारा भाग) हे सर्व भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कापडावर काळा डाग उमटेनासा होईपर्यंत स्वच्छ केले, हेडचे चुंबकत्व काढले आणि मगच आपला संच बसवला. पहिली चाचणी कोऱ्या कॅसेटवर घेतली; मूळ कॅसेट अजून यंत्राजवळही नेलेली नाही.

आता बेल्टविषयी. बेल्टला ताण राहावा म्हणून त्याचा परीघ मोटरची पुली आणि फ्लायव्हील यांच्याभोवतीच्या मार्गापेक्षा सुमारे पाच टक्के कमी असावा लागतो. हा मार्ग दोऱ्याने मोजला, तेव्हा आपल्या बेल्टचा परीघ जवळजवळ त्याच्याइतकाच भरला. म्हणजे बेल्टला ताण असा राहतच नाही. तेवढ्यावर न थांबता अंबड औद्योगिक वसाहतीतील एका परिचिताच्या टूलरूममध्ये मायक्रोमीटरने बेल्टची जाडी तपासून घेतली. पानावर ०.६ मिलिमीटर जाडी दिली आहे; प्रत्यक्षात ती कुठे ०.४५ तर कुठे ०.७ मिलिमीटर आहे. बेल्ट सर्वत्र सारख्या जाडीचा नसेल, तर तो पुलीवरून जाताना दर फेऱ्याला वेग बदलतो आणि ज्या यंत्रात वेगाची स्थिरता हाच सारा व्यवहार, तिथे हा दोष क्षुल्लक मानता येणार नाही. नेहमीच्या वेगाच्या टेपरेकॉर्डरसाठी ३,००० हर्ट्झचा स्वर भरलेली चाचणी कॅसेट या यंत्रावर दुप्पट वेगाने फिरते, त्यामुळे तिच्यातून ६,००० हर्ट्झ मिळायला हवेत. आपल्या बेल्टवर ते ५,७०० ते ५,९०० यांच्यामध्ये सतत वरखाली होत होते. म्हणजे वेग पाच टक्क्यांपर्यंत कमी पडत होता. सुमारे सहा टक्क्यांचा फरक म्हणजे पुरता अर्धा स्वर, हे लक्षात घेतले, तर पेटीसारख्या स्थिर सुराच्या वाद्याचे काय होत असेल, याची कल्पना आपल्याला यावी. त्यानंतर एका मित्राच्या बंद पडलेल्या डेकमधला, साधारण योग्य मापाचा बेल्ट तात्पुरता चढवून पाहिला, तेव्हा वेगाच्या स्क्रूची किरकोळ जुळवणी केल्यावर आकडा ६,००० वर येऊन स्थिरावला. दोष मोटरचा नाही, हे यावरून सिद्ध होते.

पिंच रोलरचा दोष मला याहून गंभीर वाटतो, कारण खराब बेल्टमुळे ध्वनिमुद्रण बेसूर ऐकू येते, पण खराब रोलरमुळे कॅसेटच कायमची बाद होऊ शकते. आपल्या रोलरचे मधले छिद्र त्याच्या आसापेक्षा मोठे आहे, त्यामुळे रोलर आसावर डुलतो आणि त्याचे रबर कॅपस्टनवर सगळीकडे सारखे दाबले जात नाही. परिणामी फीत एका बाजूला सरकून मार्गदर्शक खुंटीवर चढते आणि तिची कड दुमडते. माझ्या कोऱ्या कॅसेटच्या बाबतीत नेमके हेच झाले. फितीची एकूण रुंदी ३.८१ मिलिमीटर आणि तीत चार ट्रॅक, म्हणजे प्रत्येक ट्रॅकच्या वाट्याला एक मिलिमीटरही येत नाही. कड दुमडली, तर पहिला किंवा चौथा ट्रॅक तिथे कायमचा जातो. त्यातही डीबीएक्समध्ये वाजवताना आवाजाचे चढउतार दुप्पट केले जातात, त्यामुळे फीत हेडपासून जराशी सुटल्याने आवाजात जी घट होते, तीही दुप्पट होऊन कानावर येते. यंत्रातला मूळ रोलर कडक झाला असला तरी तो परत बसवताच फीत सरळ धावू लागली. मार्गदर्शक खुंट्या जागच्या जागी आहेत आणि दोष नव्या रोलरमध्येच आहे, याहून स्पष्ट पुरावा मी देऊ शकत नाही.

आपल्या प्रतिनिधींनी उत्तरात कळवले की, हे यंत्र परदेशी विजेसाठी बनलेले असून भारतातील ५० हर्ट्झ पुरवठ्यामुळे वेग कमी पडत असावा. हे कारण तांत्रिकदृष्ट्या टिकत नाही. या यंत्राची कॅपस्टन मोटर डी.सी., म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणारी आहे आणि तिला यंत्रातील स्थिर केलेला पुरवठा मिळतो. विजेची वारंवारता ५० असो वा ६०, तिच्या वेगावर परिणाम होत नाही. माझे यंत्र १२० व्होल्टचे असल्याने ते योग्य क्षमतेच्या ट्रान्सफॉर्मरवरच चालवतो, हेही स्पष्ट करतो. त्यांचे दुसरे म्हणणे असे की, भाग ग्राहकाने स्वतः बसवल्यामुळे परतावा देता येत नाही. रबराची जाडी आणि छिद्राचा व्यास बसवणाऱ्याच्या हातावर अवलंबून नसतात. शिवाय ‘घरच्या घरी बदला’ हे शब्द आपल्याच विक्रीच्या पानावर आहेत आणि बसवून पाहिल्याशिवाय अशा भागाची परीक्षा ग्राहकाने कशी करावी, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही.

पाकिटावर उत्पादक किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष किंवा कमाल किरकोळ किंमत यांपैकी काहीही छापलेले नाही. केवळ मॉडेल क्रमांकाची चिठ्ठी आहे. वैधमापनशास्त्राच्या आवेष्टित वस्तूंविषयीच्या २०११ च्या नियमांनुसार हा तपशील देणे बंधनकारक आहे आणि तो असता, तर मी थेट उत्पादकाकडे चौकशी करू शकलो असतो.

माझी मागणी अशी आहे की, संचाची पूर्ण किंमत पाठवणीच्या खर्चासह परत करावी आणि संच आपल्या खर्चाने परत न्यावा. बदली संच मला नको, कारण त्याच साठ्यातला दुसरा संच वेगळा निघेल असे मानायला आधार नाही. पैशांइतकाच माझा आग्रह दुसऱ्या गोष्टीचा आहे : या साठ्याची तपासणी होईपर्यंत विक्री थांबवावी, आणि पुढे बेल्टचा आतील परीघ, रुंदी व जाडी आणि रोलरचा बाह्य व्यास, उंची व छिद्राचा व्यास ही मापे पानावर द्यावीत. घरातली एकमेव कॅसेट वाचवण्यासाठी हा संच मागवणारे आणखी ग्राहक असतील आणि ते सगळेच आधी कोरी कॅसेट लावून पाहतील असे नाही.

ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-वाणिज्य नियमांनुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निराकरण एका महिन्यात अपेक्षित आहे. त्या मुदतीत कार्यवाही न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये मी राहतो त्या नाशिक जिल्ह्याच्या ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. बेल्ट आणि रोलर पाकिटासह जपून ठेवले आहेत. आपल्या तंत्रज्ञाला ते पाहायचे असल्यास यंत्रावर बसवून दाखवण्याची माझी तयारी आहे.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)