जामीनदाराला कागद दाखवा : बंदरे विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, बंदरे विकास,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : किनाऱ्यावरील खासगी भागीदारीचे करार सहीपूर्वी मराठीत जाहीर करण्याबाबत

महोदय,
स. न.

मी गुहागर तालुक्यात, दाभोळ खाडीच्या काठी राहतो. बरीच वर्षं एका पतसंस्थेत व्यवस्थापक होतो, त्यामुळे कर्जाचे, तारणाचे आणि जामिनाचे कागद वाचायची सवय अजून सुटलेली नाही. आमच्याकडे एक नियम कडक होता. कर्जदाराला जे वाचून दाखवायचं तेच जामीनदारालाही दाखवायचं : रक्कम किती, व्याज किती, हप्ते थकले तर त्याच्याकडून काय वसूल होणार. हे झाल्याशिवाय त्याची सही घ्यायची नाही.

किनाऱ्यावर बंदर, जेटी किंवा पूल खासगी भागीदारीतून उभा राहतो तेव्हा जामीनदार राज्य सरकार असतं, म्हणजे आम्ही असतो. आम्हाला कागद कोणी दाखवत नाही. भूमिपूजनाचा फलक तेवढा दिसतो. म्हणून हे पत्र.

खासगी भांडवलाला माझा विरोध नाही. आमच्या खाडीवर दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ पासून खासगी संस्थाच चालवते. त्याआधी गाडी घेऊन दापोलीकडे जायचं तर चिपळूणचा वळसा ठरलेला. आता आंब्याचा टेम्पो, लग्नाची बस, आजारी माणसाची गाडी, सगळं बोटीवरून पलीकडे जातं. हा व्यवहार गावाला समजतो, कारण तिकीट समोर दिसतं आणि गाड्या आल्या नाहीत तर नुकसान कोणाचं हे विचारावं लागत नाही.

त्याच खाडीच्या तोंडाशी अंजनवेलचा वीजप्रकल्प आहे. तो उभारणारी दाभोळ पॉवर कंपनी अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीची, म्हणून लोक त्याला आजही एन्रॉनच म्हणतात. डिसेंबर १९९३ मध्ये राज्य वीज मंडळाने दाभोळ पॉवर कंपनीशी २० वर्षांचा वीजखरेदी करार केला. आयात वायूवरची वीज महाग पडेल आणि राज्याला एवढी वीज पेलणार नाही, असं सांगून जागतिक बँकेने त्याच वर्षी या प्रकल्पाला पैसे द्यायला नकार दिला होता. तरी सही झाली. वीज उचलली नाही तरी स्थिर आकार द्यायचाच, तोही डॉलरच्या हिशेबाने. मंडळाकडून पैसे आले नाहीत तर राज्याची हमी, आणि तिच्यामागे केंद्राची प्रतिहमी. १९९५ मध्ये नव्या सरकारने करार रद्द केला आणि १९९६ मध्ये तो आधीपेक्षा मोठ्या प्रकल्पाचा करार होऊन परत आला. जून १९९७ मध्ये वेलदूरच्या मच्छीमार बायकांनी विरोध केला म्हणून पोलिसांचा मार खाल्ला. त्या बायकांना कोणी कराराचं एक पानसुद्धा वाचून दाखवलं नव्हतं.

पुढचं आपल्याला ठाऊक आहे. पहिला टप्पा १९९९ मध्ये सुरू झाला. करार झाला तेव्हा ३१ रुपयांच्या आसपास असलेला डॉलर २००१ मध्ये ४७ च्या घरात गेला आणि त्याचा भार मंडळावर आला. २००१ च्या सुरुवातीला कंपनीने केंद्राची प्रतिहमी वापरायला काढली, मे महिन्यात प्रकल्प थांबला, डिसेंबरात एन्रॉनच दिवाळखोरीत गेली. करार तपासायला माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांची समिती नेमली गेली आणि त्या करारातल्या चुकांची नीट चर्चा तेव्हा झाली, म्हणजे सही होऊन सात वर्षं उलटल्यावर. शेवटी २००५ मध्ये सरकारी कंपन्यांना भांडवल घालून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी उभी करावी लागली. माझ्या मते यातली बहुतेक कलमं गुहागरच्या एखाद्या सभेत मोठ्याने वाचली असती तर तिथल्या तिथे अडली असती. ‘वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे’ हे समजायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

हे जुनं झालं असं कोणी म्हणेल. मग रायगडमधलं दिघी बंदर पाहा. आपल्याच खात्याच्या सागरी मंडळाने २००२ मध्ये ते खासगी विकासकाला दिलं. जहाजांसाठी धक्के बांधले, पण रेल्वे तिथवर पोचलीच नाही आणि रस्ताही मोठ्या मालवाहतुकीच्या तोडीचा नव्हता. माल येणार कुठून? कर्ज वाढत गेलं, प्रकरण दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेलं आणि २०२१ मध्ये अदानी पोर्ट्सने ते बंदर ७०५ कोटी रुपयांना घेतलं. मधल्या काळात ज्या बँकांचे पैसे अडकले त्यांत सरकारी बँकाही होत्या. माझा प्रश्न साधा आहे. रेल्वे आणि रस्ता आणण्याची जबाबदारी त्या करारात कोणावर होती, किती मुदतीत होती आणि ती चुकली तर काय व्हायचं होतं? श्रीवर्धन-म्हसळ्याच्या माणसाला याचं उत्तर मराठीत कुठे वाचायला मिळेल?

मुंबई-गोवा महामार्गाबद्दल जास्त लिहीत नाही, ते खातं आपलं नाही. पनवेल-इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा २०११ मध्ये ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ तत्त्वावर दिला. जागा पूर्ण ताब्यात नव्हती, कर्नाळा अभयारण्यातल्या परवानगीचा प्रश्न होता, ठेकेदाराचे पैसे संपले. अखेर जुना करार मोडून उरलेलं काम सरकारी पैशाने नव्या ठेकेदारांना द्यावं लागलं. गणपतीला गावी येणारा चाकरमानी या सगळ्याचा हप्ता रात्रभर गाडीत बसून फेडत आला आहे.

याच कोकणात एक मोठं काम लोकांना हिशेब कळेल अशा रीतीने झालं. कोकण रेल्वे महामंडळ १९९० मध्ये स्थापन झालं. भागभांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळचा प्रत्येकी ६. उरलेला मोठा पैसा रोख्यांतून उभारला आणि जानेवारी १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला. कर्जाचा बोजा तिथेही जड झाला आणि पुढे केंद्राला महामंडळाची आर्थिक फेरबांधणी करावी लागली. भाडं आकारताना प्रत्यक्ष अंतरापेक्षा ४० टक्के जास्त अंतर धरलं गेलं, त्यावर आम्ही कुरकुरलो. तरी वाटे कोणाचे हे जाहीर होतं, आणि रेल्वे आपली आहे ही भावना टिकली.

आता आपल्या हातात असलेल्या गोष्टीकडे येतो. डहाणूजवळच्या वाढवण बंदराचा खर्च ७६,२२० कोटी रुपये धरला आहे. ते उभारणाऱ्या कंपनीत जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के आणि आपल्या सागरी मंडळाचा २६ टक्के आहे, आणि टर्मिनल खासगी भागीदारीतून व्हायची आहेत. त्याशिवाय लहान बंदरं आणि जेट्या आहेतच. बंदरांचे करार ५० वर्षांचेही असतात. आज शाळेत जाणारं मूल म्हातारं होईपर्यंत ते पाळावे लागणार. मग सही करण्याआधी त्याच्या गावात दोन महिने कागद ठेवायला काय हरकत आहे?

माझी मागणी अशी. प्रत्येक कराराचा मसुदा सहीच्या किमान ६० दिवस आधी मराठीत प्रसिद्ध करावा, बाधित ग्रामपंचायतींत आणि मच्छीमार सोसायट्यांत ठेवावा आणि ग्रामसभेत वाचून दाखवावा. शंभर पानी परिशिष्टांची कोणी अपेक्षा करत नाही. पण माल कमी आला तर तूट कोण भरणार, गाळ कोण आणि कोणाच्या पैशाने काढणार, पर्यायी बंदर किंवा जेटी बांधायला सरकारला मनाई आहे का, होड्यांची वाट आणि जाळी टाकायची जागा कुठवर मोकळी राहणार, मुदत संपल्यावर बंदर कोणत्या अवस्थेत परत मिळणार, हे सगळं साध्या शब्दांत यायला हवं. आणि करार अर्ध्यावर मोडला तर विकासकाला काय द्यावं लागणार, हे तर सगळ्यात आधी. महामार्गांच्या नमुना टोल करारात असं कलम आहे, की टोल सुरू झाल्यावर विकासकाच्याच कसुरीमुळे करार संपला तरी विम्याची रक्कम वजा करून त्याच्या उरलेल्या कर्जाचा ९० टक्के भाग सरकारने द्यायचा. बँका कर्ज देतात ते याच भरवशावर. तसं कलम बंदराच्या करारात असेल तर ते जामीनदाराला माहीत असायला नको का?

व्यापारी गुपिताचं कारण पुढे येईल. माहिती अधिकार कायद्यातल्या कलम ८ मध्ये ती सवलत आहे हे खरं, पण सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती द्यायची, हेही त्याच कलमात लिहिलेलं आहे. आणि कलम ४ प्रमाणे बरीच माहिती कोणी न मागता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. विकासकाचं तंत्र किंवा त्याचे पुरवठादार झाकून ठेवा. सरकारने घेतलेली जबाबदारी हे त्याचं गुपित कसं होईल? सरकारी-खासगी भागीदारीचा आढावा घ्यायला केंद्राने नेमलेल्या विजय केळकर समितीनेही २०१५ मध्ये बजावलं होतं, की लोकांना सेवा देण्याची स्वतःची जबाबदारी टाळण्यासाठी सरकारने भागीदारीचा मार्ग धरू नये.

यासाठी नवा कायदा लागत नाही. सागरी मंडळाने आधीच सही केलेल्या करारांपासून सुरुवात करता येईल. जयगड खाडीतली बंदरं आणि दिघी यांच्या मूळ करारांचा आणि नंतरच्या बदलांचा मराठी सारांश मंडळाच्या संकेतस्थळावर टाकावा आणि त्याच्या प्रती रत्नागिरी व रायगडच्या जिल्हाधिकारी कार्यालयांत ठेवाव्यात. तो वाचून गावात समजावून सांगायला माझ्यासारखी निवृत्त माणसं प्रत्येक तालुक्यात आहेत. मी स्वतः गुहागर तालुक्यात हे काम विनामोबदला करायला तयार आहे. तसं पत्र सागरी मंडळाकडेही देत आहे.

आपला,
दाभोळ खाडीकाठचा एक रहिवासी
ता. गुहागर, जि. रत्नागिरी